लेस करणारी संत

संत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मठ येतो, उपवास येतात, नाहीतर एखादा चमत्कार. आज आम्ही बोलणार आहोत अशा बाईबद्दल, जिनं घरातून धंदा चालवला, नऊ बाळंतपणं काढली आणि संसार करता करताच जी संतपदाला पोचली. तिचं नाव झेली मार्टिन. आपण जिला 'छोटी तेरेजा' म्हणतो, त्या लिझ्यूच्या संत तेरेजाची ही आई.

झेली १८३१ साली फ्रान्समधल्या नॉर्मंडी भागात जन्मली. तिला धर्मभगिनी व्हायचं होतं, पण मठानं तिला घेतलं नाही. मग आलांसों गावची नामांकित लेस ती शिकली आणि विशीतच तिनं स्वतःचा धंदा उभा केला. १८५८ मध्ये लुई मार्टिन या घड्याळजीशी तिचं लग्न झालं.

ही लेस सुईदोऱ्यानं करतात. एका चौरस सेंटिमीटरला सुमारे सात तास लागतात! बायका आपापल्या घरी एकेक तुकडा करत आणि झेलीकडे आणून देत. ते तुकडे जोडायचं नाजूक काम ती स्वतः करी. जोड कुठे आहे ते कुणाला दिसता कामा नये. धंदा इतका वाढला की १८७० मध्ये लुईनं आपलं दुकान विकलं आणि तो बायकोच्या धंद्याचं काम पाहू लागला. दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, मैत्रिणींनो!

पण घरात दुःखही तेवढंच होतं. १८६७ ते १८७० या चार वर्षांत तिची चार मुलं गेली. त्यात पाच वर्षांची एलेन होती. उरलेल्या पाच मुलींपैकी लिओनी फार हट्टी, शाळेतही टिकेना. तिच्या काळजीनं आईला झोप नसे.

मग हिचं संतपण कशात होतं? ती रोज पहाटे मिस्सेला जाई, हे खरं. पण आम्हाला ते तिच्या पत्रांत जास्त दिसतं. भाऊ, वहिनी आणि मुलींना लिहिलेली तिची दोनशेहून अधिक पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यांत ती दमल्याचं लिहिते, लेसच्या कामाला कंटाळल्याचं लिहिते, विनोदही करते. घरातल्या मोलकरणीला आपल्या लेकरांसारखं वागवावं, असंही सांगते. कुरकुर केली म्हणून तिची भक्ती उणी झाली नाही. हातातलं काम नीट करायचं, जवळच्या माणसाला जपायचं आणि बाकीचं देवावर सोपवायचं, एवढीच तिची साधना.

एक गोष्ट मात्र आज मुद्दाम सांगायची आहे. १८६५ मध्येच झेलीनं आपल्या औषधविक्रेत्या भावाला छातीतल्या गाठीबद्दल लिहिलं होतं. पुढे अकरा वर्षं बाळंतपणं, मुलांची आजारपणं आणि ऑर्डरी यांतच गेली. १८७६ च्या अखेरीस तिनं डॉक्टरांना दाखवलं, तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. २८ ऑगस्ट १८७७ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी ती गेली. तेरेजा तेव्हा जेमतेम साडेचार वर्षांची होती. दोष झेलीचा नव्हे. त्या काळी उपायच थोडे होते. आज ते आहेत.

म्हणून आम्हाला वाटतं, 'सोसणं म्हणजेच पुण्य' असा अर्थ या आयुष्यातून कुणी काढू नये. लेसमधला जोड लपवायचा असतो, अंगातलं दुखणं नाही. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. आंघोळ करताना हाताला काही लागलं, तर आजच घरात सांगा आणि आरोग्य केंद्रात दाखवून या. ज्या देहानं आपण घर सांभाळतो, तो सांभाळणं हीसुद्धा देवाची सेवाच आहे.

१८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी झेली आणि लुई यांना एकत्र संत घोषित केलं. नवरा-बायकोच्या जोडीला एकत्र हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. आणि ती हट्टी लिओनी? तीही पुढे धर्मभगिनी झाली. आईच्या पत्रांतल्या इतक्या काळज्यांपैकी एक तरी अशी मिटली.

तर मैत्रिणींनो, आज भाकरी थापताना, शिलाई करताना झेलीची आठवण काढा. आणि शेजारची कुणी 'मला काही नाही झालेलं' म्हणत दुखणं अंगावर काढत असेल, तर तिच्यासोबत दवाखान्यात जा. नमस्कार.