सोलापूरच्या वस्त्या आणि ‘टोळी’ हा शब्द



लासुर्ण्याच्या मंडळींना सोलापूर परके नाही. इंदापूर गाठले की पुणे-सोलापूर हमरस्ता लागतो आणि भीमा ओलांडताच सोलापूर जिल्हा सुरू होतो. शेजारच्या वालचंदनगरचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद हेही जन्माने सोलापूरकरच. कारखान्याभोवती वस्ती कशी उभी राहते, हे या पंचक्रोशीने प्रत्यक्ष पाहिले आहे.

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. नंतर आणखी गिरण्या निघाल्या. तेलंगणातील पद्मशाली विणकर येऊन शहराच्या पूर्व भागात स्थिरावले, तर दुष्काळाने गांजलेली खेड्यांतील कुटुंबे नात्यागोत्याच्या आधाराने पेठांतून सामावली. ही माणसे पोटासाठी, परंतु आपल्या पायांनी आली होती. एक वस्ती मात्र हुकुमाने वसविण्यात आली.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात ‘जमात, टोळी अथवा वर्ग’ अशी शब्दयोजना होती. सरकारने अधिसूचना काढली की त्या जमातीत जन्मलेले मूलही संशयित ठरे. तिच्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. १९११ च्या कायद्याने हा अंमल मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी अशा जमातींतील कुटुंबांना वसाहतींत आणून ठेवण्यात आले. सोलापूरची वसाहत त्यांपैकी प्रमुख होय. भोवती तारांचे कुंपण, ठरल्या वेळी हजेरी आणि बाहेर जावयाचे तर परवाना! बोटांचे ठसे घेतले जात. मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळेत ठेवण्याचा अधिकारही कायद्याने दिला होता. वसाहतीतील स्त्री-पुरुष गिरण्यांत कामास जात. सुधारणा हे सरकारचे घोषित उद्दिष्ट असले, तरी गिरणीस हुकमी मजूर मिळत गेला, हेही सांगितलेच पाहिजे.

येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. एरवी शहरात आधी वस्ती वाढते, काम तुटते, पोरे नाक्यावर जमू लागतात आणि मग टोळी दिसते. सोलापुरात टोळी आधी कागदावर नोंदली गेली आणि वस्ती नंतर बांधली गेली. वाटमारी, घरफोडी करणारे त्या जमातींत कोणीच नव्हते, असा दावा कोणी करू नये. तसे लोक कोणत्या समाजात नसतात? परंतु बैलावर मीठ लादून हिंडणारे, टोपल्या विणणारे, रानात फासे लावणारे हे लोक रेल्वे आणि जंगल कायदे आल्यावर धंद्यास मुकले, ही गोष्ट नोंदवहीत कोठेच लिहिली गेली नाही.

मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपुष्टात आला. तारा निघाल्या. तथापि सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे त्या जागी आले, आणि कोठे चोरी झाली की चौकशीची पावले आधी याच वस्तीकडे वळण्याची सवय तशीच राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्याही एकामागून एक बंद पडल्या. म्हणजे ज्या कामासाठी माणसे कोंडली, ते काम गेले आणि शिक्का तेवढा उरला. त्याच वस्त्यांतून शिकून नोकरीस लागलेल्या तरुणास अर्जावर पत्ता लिहिताना हात आखडता घ्यावासा वाटला, तर नवल नाही.

त्या भागाचे नाव सोलापुरात आजही ‘सेटलमेंट’ असेच आहे.