करी आणि वाला
(दिंडीच्या शताब्दी अंकाच्या तयारीसाठी भरलेल्या बैठकीतील भाषण)

 

अध्यक्षांनी मला सांगितलं, बुवा, सेवेवर बोला. सेवा लई मोठी. चौथी शिकलेल्या माणसाच्या ओंजळीत ती मावायची न्हाई. म्हणून सेवा करणाऱ्याला आपण कोणत्या नावानं हाक मारतो, तेवढंच बोलणार हाय.

आपला सगळा संप्रदाय 'करी'वर चालतो. वारी करतो तो वारकरी. टाळ वाजवतो तो टाळकरी, वीणा गळ्यात घेतो तो विणेकरी, माळ घालतो तो माळकरी, फड चालवतो तो फडकरी. वारीहून घरी गेलं की परत शेतकरी. मारेकरीसुद्धा करीच, पण ते सोडून द्या. 'करी' म्हटलं की माणूस आणि त्याचं काम एकजीव होतं आणि तोंडात आपोआप 'अहो' येतं. विणेकरी एकटेच असले तरी आपण म्हणतो, विणेकरी आले.

आता तळावर या. पहाटे सामानाची गाडी पुढच्या मुक्कामाला निघते. शंभर-दीडशे माणसांच्या वळकट्या, पडशा, भांडी, पिठाची पोती कुणीतरी पाठीवर घेऊन वर चढवतं. पावसात तंबू कुणीतरी ठोकतं. तिथं आपण काय म्हणतो? गाडीवाला आला. टँकरवाला गेला. मंडपवाला अजून कसा न्हाई आला? 'करी' गेलं, 'वाला' आलं, आणि 'आले'चं 'आला' झालं. आता कुणी म्हणेल, 'वाला' शब्दच हलका. तसं न्हाई. डोक्यावर तुळस घेऊन आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालते ती तुळशीवालीच, पाण्याचा हंडा घेते ती हंडेवालीच, आणि तिच्या आपण पाया पडतो. म्हणजे खोट शब्दात न्हाई, बोलणाऱ्याच्या तोंडात हाय.

वारीत आपण सगळ्यांना माउली म्हणतो. पोलिसाला माउली, चहावाल्याला माउली. पण वळकटी सापडायला अर्धा घटका उशीर झाला की बघा. माउलीचं 'ए' व्हायला तेवढा वेळ पुरतो.

पंढरपूरच्या देवळात वंशपरंपरेनं सेवा करणारी घराणी होती. त्यांची आडनावं ऐका. परिचारक, पुजारी, बेणारे, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे. दिवटे म्हणजे देवापुढं दिवटी धरणारे. परिचारक देवाच्या स्नानाचं पाणी बघणारे. 2014 साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानं ते वंशपरंपरेचे हक्क गेले. त्या वादात मला शिरायचं न्हाई. मला एवढंच दाखवायचंय की देवाजवळ उभं राहून दिवा धरला तर त्या कामाचं आडनाव होतं. आपल्या तळावर गॅसबत्ती धरणाऱ्याचं काय होतं? 'त्यो बत्तीवाला पोरगा.'

पैठणला नाथांच्या घरी देव बारा वर्षं कावडीनं पाणी भरत होता, हे आपण कीर्तनात सांगतो. नाथषष्ठीला लोक अजून तो रांजण भरतात. नाव काय घेतलं होतं देवानं? श्रीखंड्या. नीट ऐका, श्रीखंड-राव न्हाई, श्रीखंड-पंत न्हाई. प्रत्यक्ष देव, पण घरगडी झाला तसं त्याच्याही नावाला शेपूट लागलं.

जनाबाई स्वतःला दासी म्हणवून घेते. तो शब्द तिच्या तोंडात हिऱ्यासारखा दिसतो, कारण तिनं तो स्वतः घेतलाय. दास, चाकर, सेवक हे शब्द माणसानं स्वतःसाठी घ्यायचे. दुसऱ्याला चिकटवले की त्याच शब्दाचं ओझं होतं. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाईला आपण मावशी म्हणतो, चांगलं हाय. पण 'मावशी, ए, हिकडं ये' असं सख्ख्या मावशीला कोण म्हणतं?

शेतात बघा, इर्जिक घालतो तेव्हा शेजारचे बैल जोडून येतात, रान नांगरून देतात, घरधनी जेवण घालतो. तिथं मदत करणाऱ्याला वेगळं नावच न्हाई. आज ते माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या. नाव पडतं ते फेड बंद झाली की.

हे सगळं आज कशासाठी काढलं? शताब्दी अंकासाठी नावांची यादी तयार झालीय. विणेकरी झाले, कीर्तनकार झाले, माझंही नाव हाय. मृदंगाचार्य, चोपदार, अन्नदाते, देणगीदार, सगळे नावगाव घालून. शेवटी एक ओळ हाय, 'व इतर सेवेकरी'. त्या 'इतर' मधी भाकरी थापणाऱ्या बाया हायत, आचारी हायत, गाडी भरणारे हायत, रोग पसरू नये म्हणून तळ झाडणारे हायत. काही जणी तीस तीस वर्षं येतायत.

मागच्या बैठकीत कुणी म्हणालं, त्यांना पैसे मिळतात, मग सेवा कसली? माउली, आम्हा कीर्तनकारांना मिळतं ते काय असतं? आमच्या पैशाला बिदागी म्हणायचं, त्यांच्या पैशाला मजुरी. नोट एकाच छापखान्यातली.

समाजआरतीला चोपदारांनी चोप वर केला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असते, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिथं जाऊन ऐकून घेतात. आज माझा टाळ वाजतोय असं धरा.

यादी अजून छापखान्यात गेलेली न्हाई. जेवणं झाली की मी वही घेऊन पंगतीतनं फिरणार हाय. ज्याला ज्याचं नाव ठाऊक त्यानं सांगायचं, पूर्ण नाव, गावासकट. मेलेल्यांचीही सांगा. 'आमच्या गाडीवरचा तात्या' असं चालणार न्हाई, तात्याचं खरं नाव घरी जाऊन विचारून या. सुरुवात चुलीपासून करू. आचारी अजून आत वाढतायत, त्यांना जेवू द्या आधी.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.