विकायचे घर आणि स्वयंपाकघर



'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. 'घर पाहावे विकून' असे मात्र कुणी म्हणत नाही. तरीही ती वेळ पुष्कळांवर येते. मुलगा शहरात स्थिरावतो. भावाभावांच्या वाटण्या होतात. एखादे गुरुजी निवृत्त होऊन आपल्या मूळ गावी परततात. किंवा मुलीच्या शिक्षणासाठी पैसा उभा करायचा असतो. घर विकायचे ठरते आणि चार शहाणे सांगू लागतात, "अहो, आधी स्वयंपाकघर नवं करून घ्या. जुनाट स्वयंपाकघर बघून गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत जातं." हा सल्ला कितपत घ्यावा, याचा आज आपण विचार करू.

सल्ल्यात तथ्य आहे, हे आधी कबूल केले पाहिजे. घर पाहायला एखादे कुटुंब आले, की पुरुषमंडळी ओसरीवर बसून उताऱ्याची आणि हद्दीची चौकशी करतात. बायका सरळ आत जातात. मोरी पाहतात, तोटी फिरवून पाहतात, छताला धुराचे किटण किती आहे ते पाहतात. बाहेर येऊन त्या काही बोलत नाहीत, नवऱ्याकडे नुसते बघतात. आणि व्यवहार तिथेच जुळतो किंवा मोडतो.

पण म्हणून कर्ज काढून स्वयंपाकघर सजवावे काय? थोडा हिशेब मांडू. समजा, घराला आहे त्या स्थितीत १८ लाख रुपये येतील. तुम्ही २ लाख खर्चून ग्रॅनाइटचा ओटा, छतापर्यंत टाइल्स आणि भिंतभर कपाटे करून घेतलीत. गिऱ्हाईक खूश झाले आणि त्याने १९ लाख देऊ केले. किंमत वाढली खरी. पण खर्च दोन लाखांचा आणि वाढ एका लाखाची. ते दोन लाख दरमहा शेकडा दोनने उचललेले असतील, तर महिन्याला ४,००० रुपये नुसते व्याज. घर विकायला आठ महिने लागले, तर आणखी ३२,००० गेले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो हाच! शिवाय तुमच्या आवडीचा ओटा नव्या मालकिणीला उंच वाटला, की ती तो पहिल्याच महिन्यात फोडून घेणार. आपण पैसे दिले ते राडारोड्याचे.

मग काहीच करू नये का? तसेही नाही. शोभेचा खर्च आणि सोयीचा खर्च यांत फरक करावा, एवढेच माझे म्हणणे. शोभा ज्याच्या त्याच्या आवडीची असते. सोय सगळ्यांनाच लागते.

पहिली सोय उजेडाची आणि हवेची. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे स्वयंपाकघराला मोकळ्या जागेकडे उघडणारी, निदान एक चौरस मीटरची खिडकी असावी. आपल्या जुन्या घरांत तेथे हातभर झरोका असतो. खिडकी मोठी करणे हे गवंड्याचे दोन-तीन दिवसांचे काम आहे. कौलारू छप्पर असेल, तर दोन काचेची कौले बसवली तरी दिवसा दिवा लावावा लागत नाही. भिंत सामाईक असेल, तर मात्र भोक पाडण्यापूर्वी भावकीला विचारा. नाहीतर खिडकी राहील बाजूला आणि घरावर तंटा चढेल.

दुसरी सोय पाण्याची. गळकी तोटी, तुंबणारी मोरी आणि परसात साचणारे डबके, हे तीन दोष पाहुण्याला आधी दिसतात. डबक्याच्या जागी दगडगोटे भरलेला शोषखड्डा घ्या. पण तो विहिरीपासून आणि घराच्या पायापासून दूर असावा.

तिसरी सोय सुरक्षिततेची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली, तर तो वर न जाता जमिनीलगत साठतो. म्हणून वरच्या खिडकीबरोबर खालीही हवेला वाट ठेवा. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी, आणि रबरी नळीवर छापलेली मुदत एकदा वाचून पाहावी. मिक्सरच्या प्लगला नीट अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्या. या कामांना शोभा नाही, पण पाहणारी बाई ती बरोबर ओळखते.

आता एक नाजूक गोष्ट. पुष्कळ लोक भिंतीच्या ओलीवर रंगाचा हात फिरवतात आणि वाळवी लागलेल्या चौकटीवर लांबी भरतात. म्हणतात, "झाकली मूठ सव्वा लाखाची." पण पावसाळा आला, की रंगाचे पोपडे पडतात आणि मूठ आपोआप उघडते. कायदाही याबाबत स्पष्ट आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल, तर जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणे ही फसवणूक ठरते. तेव्हा ओल असेल तर आधी तिचे मूळ शोधा. कौल फुटले आहे की मोरीचा पाइप झिरपतो, ते पाहा. दुरुस्ती झेपत नसेल तर तसे सांगा आणि किमतीत दहा-वीस हजार सोडा. खरे सांगितल्याने गेलेले गिऱ्हाईक पुन्हा मिळते. गावातला शब्द गेला की तो परत मिळत नाही.

केलेल्या कामाच्या पावत्याही जपून ठेवा. विक्रीच्या नफ्यावर प्राप्तिकराचा प्रश्न आला, तर घरात केलेल्या कायम स्वरूपाच्या सुधारणेचा खर्च नियमांप्रमाणे वजा मागता येतो. साध्या रंगसफेदीचा नाही.

हा झाला व्यवहार. पण या हिशेबात एक रक्कम राहून गेली आहे, आणि ती मांडल्याशिवाय मला हे भाषण संपवता येणार नाही. परक्या बाईने नाक मुरडू नये म्हणून आपण जी खिडकी काढायला निघालो, ती आपल्या घरातल्या बाईने किती वर्षांपूर्वी मागितली होती? वीस-वीस वर्षे तिने त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात डोळे चोळत भाकरी थापलेल्या असतात. "यंदा पीक येऊ दे, मग बघू" असे आपण म्हणतो. पीक येते, ओसरीला फरशी बसते, दाराला रंग लागतो, आणि झरोका आहे तेवढाच राहतो.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत बिनधुराची मगन चूल झाली, तिला आता अनेक दशके लोटली. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ साली निघाला. गॅसजोडण्यांची उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. इतके होऊनही सिलिंडर भरून आणणे महाग पडते म्हणून गॅसशेजारी चूल पेटतेच, आणि धूर त्या बाईच्या छातीत जातो. चूल ठेवायचीच असेल, तर तिला धुराडे तरी हवे. धुराड्याचा खर्च असा किती? दाराच्या रंगापेक्षा फार नव्हे.

आमच्या अर्थशास्त्रात वस्तूची किंमत तिच्या उपयोगाशी जोडून पाहतात. आज काढलेली खिडकी दहा वर्षे उजेड देईल, आणि पुढे घर विकताना किमतीलाही हातभार लावील. तीच खिडकी विकण्याच्या आदल्या महिन्यात काढली, तर सारा उजेड दुसऱ्याच्या घरात पडला. व्यापार म्हणून पाहिले, तरी हा तोट्याचाच सौदा आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. क्षेत्रफळाची गणिते शिकवताना, मुलांना आपापल्या स्वयंपाकघराची जमीन आणि खिडकी मोजून आणायला सांगा. उत्तर वहीत येईल आणि घरीही विषय निघेल. आणि ज्यांना घर विकायचेही नाही, त्यांनी आज जेवण झाल्यावर घरात एवढे विचारावे : "इथे तुला काय अडतं?" मग जे उत्तर येईल, त्या कामापासून सुरुवात करावी.