चित्रांचें भांडार आणि त्याचे धनी

वर्तमानपत्रांत किंवा पुस्तकांत एखादें जुनें छायाचित्र पाहतांना तें कोणीं काढलें, हा प्रश्न क्वचित् मनांत येतो. तें छापण्याची परवानगी कोणीं दिली आणि तिच्याबद्दल पैसे कोणास मिळाले, हा प्रश्न तर बहुधा येतच नाहीं. वस्तुतः चित्रें विकण्याऐवजीं तीं वापरण्याचा परवाना विकणें हा एक मोठा व्यापार होऊन बसला आहे. या व्यापारांत माल धन्याजवळच राहतो. गिऱ्हाइकास मिळतो तो केवळ वापरण्याचा हक्क. चित्र किती मोठें छापावयाचें, किती प्रतींत, कोणत्या देशांत आणि किती काळ, यावरून पुष्कळदां त्याचें मोल ठरतें. एकच चित्र एका दिवशीं दहा जणांस भाड्यानें देतां येतें. घरमालकास हेवा वाटावा अशीच ही सोय आहे.

या व्यापारामागें कोणत्या प्रकारचीं माणसें असतात, हें बेटमन संग्रहाच्या इतिहासावरून चांगलें समजतें.

ऑटो बेटमन याचा जन्म १९०३ सालीं जर्मनींतील लाइप्झिग शहरीं झाला. बर्लिनच्या सरकारी कलाग्रंथालयांत दुर्मीळ पुस्तकांची देखरेख करण्याचें काम त्याजकडे होतें. १९३३ सालीं नाझी सत्तेवर आले आणि केवळ ज्यू म्हणून त्याला त्या जागेवरून काढून टाकण्यांत आलें. १९३५ सालीं तो न्यूयॉर्कला पोंचला, तेव्हां त्याच्याजवळ चित्रांनीं भरलेल्या दोन पेट्या होत्या. निर्वासितास द्रव्य बरोबर नेणें कठीण. जुन्या चित्रांच्या नकलांना मात्र कोणी धन समजत नव्हतें! पुढील वर्षीं त्यानें त्याच शहरांत आपला चित्रसंग्रह उघडला. तो काळही अनुकूल होता. 'लाइफ' हें सचित्र साप्ताहिक नव्या रूपांत निघालें तें याच १९३६ सालीं, आणि चित्रांची भूक सर्वत्र वाढत चालली होती.

बेटमनचें खरें भांडवल पेट्यांत नव्हतें. तें त्याच्या ग्रंथपालाच्या शिस्तींत होतें. प्रत्येक चित्राचें एक पत्रक करावयाचें, त्यावर चित्राची लहानशी प्रतिकृति चिकटवावयाची आणि विषय नोंदवावयाचा, अशी त्याची पद्धति होती. संपादकानें विषय सांगावा आणि चित्र हातीं यावें, एवढ्यासाठींच हा सारा खटाटोप. ज्या चित्राची नोंद नाहीं तें असून नसल्यासारखेंच, हें मर्म त्यानें ओळखलें होतें. १९८१ सालीं त्यानें हा संग्रह क्राउस-थॉमसन या संस्थेस विकला. पुढें युनायटेड प्रेस इंटरनॅशनल या वृत्तसंस्थेच्या छायाचित्रांचाही त्यांत समावेश झाला. आइन्स्टाइन जीभ बाहेर काढून दाखवीत असल्याचें १९५१ चें चित्र आणि न्यूयॉर्कच्या उंच इमारतीच्या तुळईवर बसून जेवणाऱ्या अकरा मजुरांचें १९३२ चें चित्र, हीं दोन्ही याच भांडारांतलीं.

दुसरा धनी अगदींच वेगळ्या जातीचा. मायक्रोसॉफ्टचा संस्थापक बिल गेट्स यानें १९८९ सालीं एक स्वतंत्र कंपनी काढली. पुढील काळांत घरोघर भिंतींवर पडदे येतील आणि त्यांवर लोक नामांकित चित्रें पाहतील, अशी त्याची कल्पना होती. तो बेत सिद्धीस गेला नाहीं आणि कंपनी परवान्यांच्या धंद्याकडे वळली. तिचें नांव झालें कॉर्बिस. लॅटिन भाषेंत याचा अर्थ टोपली. १९९५ सालीं या टोपलींत एक कोटीहून अधिक चित्रांचा बेटमन संग्रह येऊन पडला.

परंतु फिल्म ही नाशवंत वस्तु आहे. अ‍ॅसिटेटच्या जुन्या फिल्मला शिरक्यासारखा आंबट वास येऊं लागतो, ती आकसते आणि शेवटीं तिच्यावरील चित्र नष्ट होतें. यास्तव २००१-०२ च्या सुमारास सारा संग्रह पेन्सिल्व्हेनियांतील एका जुन्या चुनखडीच्या खाणींत, जमिनीखालीं सुमारें २२० फूट नेऊन, शून्याखालीं वीस अंश सेल्सियसच्या थंडीत ठेवण्यांत आला. त्यावर अभ्यासकांनीं तक्रार केली, आणि ती अगदींच निराधार नव्हती. संगणकावर उतरविलेलीं चित्रें तेव्हां सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे शेंकडा दोनहूनही कमी होतीं. उरलेलीं चित्रें सुरक्षित झालीं खरीं, परंतु चाळून पाहणाऱ्यांस पूर्वीपेक्षां दूर गेलीं. जें खपेल तें आधीं उतरवावें, हा व्यापाराचा स्वाभाविक नियम. इतिहासाला मात्र केव्हां कोणतें चित्र लागेल, याचा नेम नसतो.

तिसरा धनी मार्क गेटी. तेलसम्राट जे. पॉल गेटी याच्या या नातवानें जोनाथन क्लाइन याच्या सहकार्यानें १९९५ सालीं स्वतःची चित्रसंस्था काढली आणि पुढल्याच वर्षीं लंडनचा हल्टन संग्रह विकत घेतला. आजोबांचें धन जमिनींतून निघालें होतें; नातवानें तें दुसऱ्यांच्या स्मृतींत शोधलें. २०१६ सालीं कॉर्बिसचा चित्रव्यवसाय एका चिनी चित्रसमूहानें घेतला आणि चीनबाहेर परवाने देण्याचें काम गेटीकडे आलें. जर्मन निर्वासितानें जमविलेलें भांडार अमेरिकेच्या खाणींत, त्याची मालकी चीनकडे आणि परवान्याची चावी तिसऱ्याच्याच हातीं, असा हा योग आहे.

त्याच वर्षीं एक विलक्षण खटला झाला. कॅरोल हायस्मिथ या छायाचित्रकर्तीनें आपलीं हजारों चित्रें अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयास सर्वांच्या मोफत उपयोगासाठीं दिलीं होतीं. तिच्याच संस्थेच्या संकेतस्थळावर तिचेंच एक चित्र वापरल्याबद्दल तिच्याकडे १२० डॉलरांची मागणी आली! तिनें गेटी व इतर संस्थांवर दावा लावला. परंतु हक्क पूर्वींच जनतेस अर्पण केल्यामुळें न्यायालयानें तिचे प्रमुख दावे फेटाळले. जें सर्वांचें, तें विकण्यासही सर्वच मोकळे, असा याचा अर्थ झाला.

या धनिकांस केवळ लोभी म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. शीतगृहाचा खर्च कोणी तरी सोसलाच पाहिजे, आणि छायाचित्रकारासही पोट आहे. परंतु रक्षण आणि उपलब्धता हीं दोन वेगळीं कर्तव्यें आहेत, आणि दुसरें केवळ बाजारावर सोंपविलें तर पहिल्याचा हेतूच अर्धा राहतो. सार्वजनिक ग्रंथालयें व वस्तुसंग्रहालयें यांनीं स्वतःच्या संग्रहाची नोंद करून तो खुला ठेवणें यासाठींच अवश्य आहे.

बेटमनचें मर्म घरींही उपयोगी पडेल. पुष्कळ घरांत जुन्या छायाचित्रांची एखादी पेटी असते आणि त्यांतील माणसें ओळखणारें एखादेंच वडील माणूस उरलेलें असतें. तें आहे तोंवर प्रत्येक चित्राच्या मागें मऊ शिसपेन्सिलीनें नांव, गांव आणि साल लिहून ठेवावें. या कामास कोणाचाही परवाना लागत नाहीं.