शूज घेताना पायाचं ऐका



मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. त्यामुळे दिवाळी संपली की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो, "शूज कुठले घेऊ?" आणि त्याच्या मागोमाग दुसरा, "गुडघे तर नाही ना जाणार?"

आजचा भाग या दोन प्रश्नांवर. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहितो आणि आठवड्यातून चार दिवस पळतो. पण या विषयावर बरंच संशोधन झालंय, आणि त्यातून निघणारं उत्तर आपल्या खिशाला परवडणारं आहे.

काही दुकानांत तुम्हाला ट्रेडमिलवर पळवतात, मागून व्हिडिओ काढतात आणि स्क्रीनवर रेषा मारून सांगतात, "सर, तुमचा पाय आत वळतोय. ओव्हरप्रोनेशन आहे. तुम्हाला स्टॅबिलिटी शूच लागेल." म्हणजे आतल्या बाजूने जास्त आधार दिलेला बूट. हे ऐकून माणूस घाबरतो आणि सहा हजारांचं बजेट बारा हजारांवर जातं.

आता गंमत ऐका. पाय टेकल्यावर थोडा आत वळणं ही शरीराची नेहमीचीच हालचाल आहे. डेन्मार्कमध्ये 927 नवख्या धावपटूंना एकाच प्रकारचे साधे, न्यूट्रल शूज देऊन वर्षभर पाहिलं गेलं. 2014 साली निष्कर्ष आला: पाय आत वळणाऱ्यांना दुखापतीचा धोका जास्त दिसला नाही. त्याआधी अमेरिकन सैन्यात हजारो रिक्रूट्सवर प्रयोग झाले होते. काहींना तळव्याची कमान बघून शूज दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही.

मग निवडायचं कसं? बेनो निग नावाचे बायोमेकॅनिक्सचे संशोधक आहेत, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातले. 2015 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी कल्पना मांडली: ज्या बुटात पळताना तुम्हाला आरामदायी वाटतं, तो बहुधा तुमच्या शरीराच्या हालचालीशी जुळणारा असतो. मला हे पटतं. पण आराम नीट तपासायला हवा. तो असा.

एक, संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, पळतानाही सुजतात. पळताना घालता तेच मोजे सोबत न्या.

दोन, उभं राहून बघा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. लांब बोट अंगठाच असेल असं नाही, कित्येकांचं शेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पायही सारखे नसतात, मोठ्या पायाच्या मापाने घ्या. उतारावर पाय पुढे सरकतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून परत तोच उतरायचा असतो. तिथे पुढे जागा नसेल तर नखं काळी पडलीच म्हणून समजा.

तीन, रुंदी. चवड्याच्या दोन्ही बाजूंना बूट आवळत असेल तर "वापरून सैल होईल" यावर विश्वास ठेवू नका. आणि टाच मागून उचलली जाता कामा नये.

चार, दुकानातल्या दुकानात का होईना, पळून बघा. चालताना छान वाटणारा बूट पळताना टोचू शकतो. ऑनलाइन घेत असाल तर यूके आणि यूएस मापात गल्लत करू नका, आणि परत करता येतो का ते आधी वाचा.

आता इंजिनिअर म्हणून एक गोष्ट सांगतो. बग शोधताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना? इथेही तसंच करा. नवे शूज आणि वाढवलेलं अंतर एकाच आठवड्यात आणू नका. जाड टाचेच्या बुटातून एकदम पातळ, सपाट बुटात गेलात तर पोटरी आणि टाचेच्या वरच्या शिरेवर जादा ताण येतो. आधी दोन-तीन किलोमीटर नव्यात, बाकीचं जुन्यात. दोन जोड आलटून पालटून वापरणंही चांगलं. लक्झेंबर्गमध्ये 264 धावपटूंवर 22 आठवडे लक्ष ठेवलं, तेव्हा असं करणाऱ्यांमध्ये दुखापती कमी दिसल्या.

बूट कधी बदलायचा? ढोबळ अंदाज 500 ते 800 किलोमीटर. आठवड्याला 25 किलोमीटर पळत असाल, तर पाच ते आठ महिने. वरून चकाचक दिसत असला तरी आतला फोम दबलेला असू शकतो.

आणि आता गुडघ्यांचा प्रश्न. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकली. 1964 मध्ये टोकियोला त्याने बूट घालून पुन्हा जिंकली. याचा अर्थ उद्यापासून आपण अनवाणी पळावं असा नाही. त्याच्या पायांना अनवाणी धावण्याचा सराव होता, आणि मुद्दा तोच आहे. हाडं, स्नायू, शिरा हळूहळू मजबूत होतात. दम लवकर वाढतो, नडगीला मात्र वेळ लागतो. म्हणून दोन महिने काहीच न करता एकदम दहा किलोमीटर पळणाऱ्याला वीस हजारांचा बूटही वाचवू शकत नाही.

हाडावर एकाच जागी बोट दाबलं की कळ येत असेल, किंवा लंगडत पळावं लागत असेल, तर पळणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. नवा बूट हा त्यावरचा इलाज नाही.

तर मंडळी, बूट पायाला बरा वाटेल तो घ्या, वाचलेले पैसे खिशात ठेवा आणि अंतर सावकाश वाढवा. तुमच्या ग्रुपवर कुणी "शूज कुठले घेऊ?" विचारलं, तर हा भाग पाठवून द्या. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत पळत राहा!