वाचनालयाचा पैसा आणि आपण

(पेणजवळ रामवाडी येथे महिला मंडळे व बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



पाणी, रेशन, दारूबंदी हे विषय सोडून ही बाई वाचनालयाच्या पैशाबद्दल काय बोलते आहे, असं तुम्हाला वाटेल. पण मघाशी मी विचारलं, आपल्या गावच्या वाचनालयात कितीजणी गेल्या आहेत? चार हात वर आले. बाकीच्या म्हणाल्या, तिथे पुरुष पेपर वाचत बसतात, आपण कशाला जायचं? काहीजणींच्या वाडीवर तर वाचनालयच नाही. हे असं का, ते पैशाच्या वाटेने गेलं की कळतं.

आपला सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. मद्रास राज्याने 1948 सालीच कायदा करून मालमत्ता करावर ग्रंथालय कर बसवला आणि त्यातून सार्वजनिक ग्रंथालयं चालवली. आपल्याकडे असा कर नाही. गावकऱ्यांनी संस्था काढायची, नोंदणी करायची, पुस्तकं जमवायची, हिशेब तपासून घ्यायचे. मग शासन मान्यता देतं आणि अ, ब, क, ड या वर्गाप्रमाणे अनुदान देतं. या पद्धतीने राज्यात हजारो वाचनालयं उभी राहिली, हे खरं. पण ती मुख्यतः जिथे शिकलेली, सवड असलेली माणसं होती तिथे. डोंगराकडच्या ठाकर-कातकरी वाड्यांवर संस्था कोण काढणार? त्यातच 2012 च्या पडताळणीनंतर नव्या मान्यता बरीच वर्षं बंद राहिल्या. ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्या दाराबाहेरच राहिल्या.

आता आतल्या बाईकडे पाहू. ड वर्गाच्या वाचनालयाला 2012 पासून वर्षाला 30 हजार रुपये अनुदान होतं. 2022 साली 60 टक्के वाढ जाहीर झाली, म्हणजे 48 हजार. त्यातला निम्मा भाग पगाराचा धरला, तर महिन्याला 2 हजार. दिवसाला जेमतेम 66 रुपये. रोजगार हमीची मजुरी 2025-26 साली दिवसाला 312 रुपये होती. काम अर्धवेळ म्हणून तिच्या निम्मे धरले, तरी 156 होतात!

खेडोपाडी हे काम पुष्कळदा एखादी बाईच करते. "घराजवळ आहे, तेवढाच हातभार," असं तिला ऐकवलं जातं. अंगणवाडीताईंच्या, आशाताईंच्या बाबतीतही आपण हेच ऐकत आलो. बाईचं काम म्हटलं की ती सेवा, आणि सेवेला मानधन पुरे! एवढ्या पैशात वाचनालय संध्याकाळी दोन तास उघडतं, नेमकं आपल्या स्वयंपाकाच्या वेळी. म्हणजे तिचा पगार आणि आपला प्रवेश हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

मग करायचं काय? 1993 साली अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवण्याच्या विषयांची यादी दिली. तिच्यात ग्रंथालयं आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी शिलाई मशिनं वाटून हा निधी संपतो. मशीन नको असं मी म्हणत नाही. पण मुलींना अभ्यासाला जागा, दुपारी उघडं वाचनालय, वाडीवर फिरती पुस्तकपेटी हेही महिला व बालकल्याणच आहे, असा ठराव महिला ग्रामसभेत आपण मांडू शकतो. महिला ग्रामसभा मुख्य ग्रामसभेच्या आधी होते. तिथला ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

दुसरं म्हणजे सभासद व्हा. वाचनालय संस्था चालवते आणि कार्यकारिणी सभासद निवडतात. वेळ दुपारची करा, ग्रंथपालताईंना पुरेसा पगार द्या, हे बाहेरून सांगून कोण ऐकणार? वार्षिक सभेत मत असेल तर ऐकावं लागतं.

आणि शासनाकडे मागणी एकच नको. "अनुदान वाढवा" एवढंच म्हटलं तर वाढ कागदावर राहते. ग्रंथपालाला किमान वेतन द्या आणि संस्था काढू न शकणाऱ्या वाड्यांना पंचायतीमार्फत वाचनालय द्या, असं स्पष्ट म्हणायला हवं.

पुढच्या ग्रामसभेआधी प्रत्येकीने एकदा तरी वाचनालयात जाऊन तीन गोष्टी विचारा: वर्ग कोणता, गेल्या वर्षी अनुदान किती आलं, आणि ग्रंथपालाच्या हातात किती पडले? उत्तरं लिहून आणा. पुढच्या बैठकीला तिथूनच सुरुवात करू.