एड्स, लोकसंख्या आणि औषधाची मालकी
(चेन्नई येथे केलेले भाषण)



एड्सने देशाच्या लोकसंख्येचे किती नुकसान केले, याचे उत्तर केवळ मृत्यूंच्या मोजदादीत सापडत नाही. हा विषाणू मुख्यतः १५ ते ४९ या वयोगटाला गाठतो. म्हणजे ज्यांच्या श्रमावर घर चालते त्यांनाच. कमावता माणूस गेला की कर्ज मागे राहते, मुलांची शाळा सुटते आणि स्वतःलाही लागण झालेल्या विधवेला अनेकदा सासरचे दार बंद होते.

आपण जमलो आहोत त्याच शहरात १९८६ साली भारतातील पहिली लागण उघडकीस आली. मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन, म्हणजे येथील मराठी गायतोंडे कुटुंबाची कन्या, आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या, सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने वेल्लोरला तपासून घेतले. सहा नमुन्यांत लागण आढळली. हा परदेशी अनीतीचा रोग आहे, हा भ्रम तेथेच संपायला हवा होता. प्रत्यक्षात दोष त्या गरीब स्त्रियांच्याच माथी मारला गेला.

पुढे औषधे निघाली, परंतु त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरहून अधिक होता. २००१ साली सिप्ला या भारतीय कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. ही कोणाची दया नव्हती. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या प्रक्रियेला पेटंट दिले, प्रत्यक्ष औषधाला नाकारले, म्हणून हे शक्य झाले. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधे देण्यास सुरुवात केली. येथील तांबरमचे सरकारी रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक होते.

२००५ साली जागतिक व्यापार संघटनेच्या अटींनुसार तो कायदा बदलण्यात आला. त्या वेळी डाव्या पक्षांच्या दबावामुळे जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट मिळवण्यास आळा घालणारे कलम ३(डी) त्यात आले. नोव्हार्टिस या बहुराष्ट्रीय कंपनीने कर्करोगाच्या औषधाच्या निमित्ताने या कलमाला आव्हान दिले. ते मद्रास उच्च न्यायालयाने २००७ साली फेटाळले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीला त्या औषधाचे पेटंट नाकारले.

आज देशात सुमारे २५ लाख लोक ही लागण घेऊन जगत आहेत. ते जगत आहेत, काम करीत आहेत, मुले वाढवीत आहेत, कारण औषध सरकारी दवाखान्यात मिळते. तरीही २०२२ साली औषधांच्या तुटवड्याविरुद्ध रुग्णांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयापुढे धरणे धरावे लागले. २०१७ च्या कायद्याने भेदभावास बंदी केली, परंतु कागदावरील हक्क संघटनेवाचून पदरात पडत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट आहेत: औषधांचा अखंड पुरवठा, एड्स नियंत्रणाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम नोकरी आणि कलम ३(डी) चे रक्षण. लोकसंख्या म्हणजे आकडा नव्हे, श्रम करणारी माणसे आहेत. त्यांच्या प्राणांवर कोणाचीही मक्तेदारी आपण मान्य करणार नाही.